एक किलो कमी, धक्का जास्त: नवी रायफल घेऊन मॅकॉलेच्या खोऱ्यात ताहरमागे

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगून टाकतो, ही सगळी हकीकत न्यूझीलंडमधली आहे. हिमालयन ताहर, म्हणजे हिमाचल-उत्तराखंडच्या कड्यांवर राहणारा तो आयाळवाला रानबोकड, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सुरक्षित आहे आणि तसाच राहावा. इथे गोष्ट उलटी. १९०४ साली ड्यूक ऑफ बेडफर्डने पाठवलेले ताहर माउंट कुकपाशी सोडले. त्यांना खाणारं जनावर इथे कोणी नव्हतंच. शंभर वर्षांत त्यांनी डोंगरमाथ्यावरचं टसक गवत (झुबक्यांनी वाढणारं) आणि फक्त इथेच उगवणारी झुडपं खरवडून काढली. १९९३ च्या सरकारी आराखड्याने ताहरची कमाल संख्या १०,००० ठरवली, प्रत्यक्षात ते त्याहून कितीतरी जास्त आहेत. म्हणून इथे सरकारच शिकाऱ्यांना या म्हणतं, आणि परवान्याचे पैसेही घेत नाही.

यंदा जूनमध्ये गेलो तो टेकापो तलावाच्या वरच्या अंगाला, मॅकॉले नदीच्या खोऱ्यात. बरोबर टिमारूचा मित्र, डेअरी फार्मवर कामाला असतो. आणि नवी रायफल.

आधी रायफलीचं, कारण बऱ्याच जणांचा प्रश्न तोच असतो. ताहर साधारण १५०० ते २००० मीटरवर असतो, गाडी ठेवायची जागा मात्र खाली नदीकाठी. म्हणजे बारी गावातून कळसूबाई चढावी तेवढी चढण रोज सकाळी, फरक इतकाच की इथे वाट नाही, शिड्या नाहीत, आणि घोट्यापर्यंत घसरणारी खडी आहे. या चढणीवर रायफल सबंध दिवस वाहायची आणि वापरायची झालीच तर एकदा. माझी जुनी, ३०८ काडतुसाची, लाकडी दस्त्याची रायफल स्कोप (नेमाची दुर्बीण) आणि सप्रेसर (आवाज दाबणारं नळकांडं) यांच्यासकट ४.७ किलो भरायची. नवी आहे टिक्का टी-३ एक्स लाइट, स्टेनलेस नळी, ७ एमएम-०८ रेमिंग्टन काडतुसाची. नुसती २.९ किलो, सगळं चढवून ३.८. फिनलंडमध्ये रीहिमाकीला साकोच्या कारखान्यात बनते. दस्ता प्लास्टिकचा, हातात घेतल्यावर मित्र म्हणाला, "अरे, ही जत्रेतली वाटते की!" दिसायला तशी आहेच. पण बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा खिट्टीसारखा दांडा, सत्तर अंशांत उघडतो, त्यामुळे मूठ स्कोपला आपटत नाही, आणि लोण्यातून सुरी फिरावी तसा मागेपुढे होतो. चापाचा ताण स्क्रूने कमीजास्त करता येतो. मी तो फार हलका ठेवलेला नाही. जूनच्या थंडीत बोटं बधिर असतात, हातमोज्यातून अंदाज येत नाही, तिथे हलका चाप म्हणजे नको ते संकट.

याहून हलक्या रायफली मिळतात. कार्बन फायबर गुंडाळलेली नळी, टायटॅनियमची बॉडी, अडीच किलोच्या आत. किंमत दुप्पट-तिप्पट. माझं मत विचाराल तर त्या शेवटच्या अर्ध्या किलोचे पैसे काडतुसांवर आणि चांगल्या बुटांवर घाला.

आता हलकेपणाची किंमत. गोळी तीच, दारू तीच, पण रायफलीचं वजन वीस टक्क्यांनी घटलं की खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा पंचवीस टक्क्यांनी वाढते. शाळेतला संवेग अक्षय्यतेचा नियम, दुसरं काही नाही. म्हणूनच मी ३०८ सोडून ७ एमएम-०८ घेतली. काडतुसाची पुंगळी मूळ तीच, तोंड आवळून ७ मिलिमीटर केलेलं. १४० ग्रेनची (साधारण ९ ग्रॅमची) गोळी ताहरला पुरून उरते आणि खांदा दुखत नाही. सप्रेसरनेही धक्का बराच मरतो. इथे तो कोणालाही घेता येतो, वेगळी परवानगी लागत नाही, आणि जवळजवळ सगळे लावतात. मात्र स्कोप जुळवताना सप्रेसर लावूनच जुळवा. काढून मारलेली गोळी आणि लावून मारलेली गोळी एकाच जागी बसत नाही.

दुसरं, नळी बारीक असते, लगेच तापते. रेंजवर तीन गोळ्या मारल्या की मी बोल्ट उघडून रायफल बाजूला ठेवायचो आणि चहा प्यायचो. घाईने पाचवी-सहावी मारलीत तर गोळ्या सरकतात, मग माणूस स्कोपचे खुंट फिरवत बसतो आणि दोष भलत्यालाच देतो. शिकारीत कामाची असते ती गार नळीची पहिली गोळी. वेगवेगळ्या दिवशी जाऊन ती कुठे बसते एवढंच वहीत लिहून ठेवा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. हलकी रायफल स्थिर राहत नाही. जड रायफल सॅकवर ठेवली की आपल्या वजनाने बसते, ही मात्र श्वासाबरोबर, नाडीबरोबर नाचते. त्यावर उपाय: पुढचा भाग सॅकवर नुसता टेकवायचा नाही, डाव्या हाताने वरून दाबून धरायचा. मागे दस्त्याखाली मोजा भरून ठेवला तर फारच छान. मी तांदूळ भरलेला लोकरी मोजा नेतो. अडचणीत तो शिजवताही येईल, असं बायको म्हणते.

स्कोप मी २०० मीटरला जुळवला आहे. तीनशेला गोळी साधारण वीतभर खाली बसते. त्यापुढे मी मारत नाही.

आता रस्ता. क्राइस्टचर्चहून जेराल्डीन, फेअरली, बर्क्स पास, टेकापो, तीनेक तास. फेअरलीच्या बेकरीतला पोर्क बेली पाय खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. शाकाहारी मंडळींनी घरून पराठे आणावेत. टेकापोपासून तलावाच्या पूर्व काठाने लिलीबँक रस्ता, कच्चा, खडीचा. पुढे मॅकॉलेच्या पात्रातून जायला फोर-व्हील ड्राइव्ह हवीच. नदी एका पात्रात वाहत नाही, दहा वाटांनी पसरते आणि दर पुराला वाटा बदलते, त्यामुळे कोणी दिलेली जुनी जीपीएस रेघ डोळे मिटून धरू नका. उतरून, काठी घेऊन, पाणी बघा. वायव्येचा वारा सुटला आणि मुख्य रांगेवर पाऊस लागला की इथे कोरडं ऊन असतानाही पाणी चढतं. अशा वेळी निमूट थांबायचं. वर मॅकॉले हट आहे, राहिलात तर भाडं ठेवायला विसरू नका.

जूनमध्ये उजाडायला आठ वाजतात आणि पाचला संधिप्रकाश. दिवस एवढासा. पण नराची आयाळ याच दिवसांत भरते आणि माजामुळे ते माद्यांच्या मागे उघड्यावर येतात. पहिल्या सकाळी अंधारातच चढायला लागलो. खांद्यावर रायफल आहे हे मी चक्क विसरलो होतो, आणि एवढ्यासाठीच तर पैसे मोजले होते. जुनी असताना पट्टा दर दहा मिनिटांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर करावा लागायचा.

नऊच्या सुमारास समोरच्या कड्यावर नर दिसला. मोठा, आयाळ गुडघ्यापर्यंत, वाऱ्यावर हलत होती. रेंजफाइंडरने २६० मीटर दाखवले, पण वरच्या दिशेला ३५ अंशांचा कोन. इथे नवखे फसतात. गुरुत्वाकर्षण लागू होतं ते आडव्या अंतराला, आणि ते निघतं २१३ मीटर. म्हणजे २६० समजून वर नेम धरायचा नाही, जवळजवळ सरळच धरायचा. हल्लीचे रेंजफाइंडर हा हिशोब करून देतात, तेवढी सोय असलेलाच घ्या.

मी आडवा झालो, मोजा लावला, काडतूस चढवलं. क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, नराच्या खांद्यावर थरथरत होतं. चार श्वासांनी थांबलं. मित्र दुर्बिणीतून बघत होता. हळूच म्हणाला, "पडला तर आणायचा कुठून?"

नर उभा होता ती पट्टी गाडीच्या टपाएवढी. खाली सरळसोट कडा, त्याखाली बर्फाने भरलेली घळ. मेलेला ताहर तिथून आणायला जाणं म्हणजे आपणही तिथेच. ताहरच्या शिकारीत माणसं दगावतात ती पाय घसरून आणि हिमप्रपातात. बोल्ट उघडला, काडतूस काढून खिशात टाकलं. तो नर आणखी दहाएक मिनिटं तिथेच उभा होता, आमच्याकडे बघत, जणू त्यालाही जागेची किंमत ठाऊक होती. नेम धरण्याआधी जनावरापर्यंत जायची आणि परत यायची वाट डोळ्यांनी चालून बघा. दिसली नाही तर विषय संपला.

दुसऱ्या दिवशी खालच्या गवताळ उतारावर माद्यांचा कळप लागला. पाठीमागे माती, खाली मऊ उतार. पिल्लू नसलेली एक निवडली, १७० मीटर, एकच गोळी. संख्या आटोक्यात ठेवायची तर माद्याच मारायला हव्यात, नराची शिंगं भिंतीवर टांगून डोंगरावरचं गवत वाचत नाही. शिवाय माजावरच्या नराचं मांस इतकं उग्र असतं की कितीही मसाला घाला. मादीचा तांबडा रस्सा मात्र बोकडाच्या तोंडात मारेल असा झाला, फक्त प्रेशर कुकरला चार शिट्ट्या जास्त. परतताना दोघांच्या पाठीवर मांस होतं आणि वाचवलेल्या एका किलोचं कौतुक तेवढ्यापुरतं संपलं.

थंडीतली काळजी. रायफल हटच्या शेगडीजवळ ठेवू नका. गरम हवेतलं दव स्कोपच्या काचेवर आणि नळीत बसतं, सकाळी बाहेर काढली की त्याचाच बर्फ. थंड कोपऱ्यात, बोल्ट वेगळा काढून, काडतुसं निराळी. बोल्टमधलं जाड ग्रीस आधीच पुसून काढा, गोठलं की फायरिंग पिन मंदावते आणि बार उडत नाही. सप्रेसर रोज रात्री काढून सुकवा. आतली ओल नळीचं तोंड गंजवते, स्टेनलेस असली तरी. चालताना नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा, बर्फ आत जात नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. फायरआर्म्स लायसन्ससाठी लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, ओळखीच्यांच्या मुलाखती आणि घरातल्या तिजोरीची पाहणी होते, वेळ लागतो, तेव्हा हंगामाच्या बरंच आधी सुरुवात करा. पाहुणा आला आणि त्याच्याकडे लायसन्स नसेल तर लायसन्सवाल्याच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावरच त्याने रायफल हाताळायची. २४ जून २०२३ पासून शस्त्रांची सरकारी नोंदवही सुरू झाली आहे, नवी घेतलीत की घरातल्या जुन्यांचीही नोंद करावी लागते. सरकारच्या निसर्ग संवर्धन खात्याच्या जमिनीवरचा शिकारीचा परवाना ऑनलाइन मिळतो, तो जवळ ठेवा. रात्री दिवा मारून शिकार त्या जमिनीवर चालत नाही. भडक नारिंगी जाकीट घाला, हरणं-ताहरांना तो रंग नीट दिसत नाही, माणसांना दिसतो. आणि मोबाइलला त्या खोऱ्यात रेंज नाही, म्हणून लोकेटर बीकन (संकटात आपली जागा कळवणारं यंत्र) अंगावर हवा, सॅकमध्ये नव्हे. सॅक पडते तेव्हा माणूस दुसरीकडे पडलेला असू शकतो.

जुनी ३०८ तिजोरीत आहे. मित्र म्हणतो मला दे, हरणांना चालेल, मी काही डोंगर चढत नाही त्यांच्यासाठी. त्याचं लायसन्स बघून, नोंदवहीत नाव बदलून द्यायची तयारी आहे माझी. किमतीवर घोडं अडलंय.