राउंडला सिस्टरलाही विचारा की

हल्ली हॉस्पिटलात कमिट्यांचं पेव फुटलंय. इन्फेक्शन कंट्रोल कमिटी, क्वालिटी कमिटी, अजून कसली तरी कमिटी. नर्सिंगतर्फे मेट्रन मॅडम असतात त्यात, नाही असं नाही. पण मीटिंग दुपारी बाराला! तेव्हा वॉर्डात डिस्चार्जच्या फायली, बाराची इंजेक्शनं, ऑपरेशन थिएटरमधनं येणारा पेशंट सगळं एकदमच अंगावर येतं, मग जाणार कोण? ठरलेलं आम्हाला कळतं ते सर्क्युलर आल्यावर, खाली सही करा म्हणून.

अमेरिकेत १९८० च्या दशकापासून शेअर्ड गव्हर्नन्स चालतं म्हणे, वॉर्डातल्या नर्सेसच आपल्या कामाचे नियम ठरवतात. ते राहू दे, निदान राउंड तरी सुधारा.

युरीन कॅथेटरचंच, म्हणजे लघवीच्या नळीचंच घ्या. ऑपरेशनला घातलेला, गरज संपली तरी तसाच राहतो, कारण डॉक्टर येतात, जखम बघतात, रिपोर्ट बघतात, कॉटखाली लटकलेली पिशवी कोण बघतंय? ती रिकामी करतो आम्ही, लघवी गढूळ झाली की आधी दिसते आम्हाला, आणि नळी जितके दिवस आत तितका इन्फेक्शनचा धोका जास्त हे फर्स्ट इयरच्या पोरीलाही माहितीये. काही हॉस्पिटलांत अटी लिहून दिलेल्या असतात, त्या बसल्या की सिस्टर स्वतःच काढते, ऑर्डरची वाट बघायची नाही. (प्रोस्टेटच्या ऑपरेशनचा असेल तर हात लावायचा नाही, तेवढं कळतं हो आम्हाला.) आमच्याकडे मात्र "सरांना विचारून सांगते", सर ओपीडीत, फोन उचलत नाहीत, संध्याकाळ होते, नळी तिथेच.

आणि हे मुंबईत, जिथे केईएम हॉस्पिटल आहे. तिथलीच नर्स अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं तिथेच अंथरुणाला खिळलेली; तिला दयामरण द्यावं का या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०११ ला सांगितलं की तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचा, कारण इतकी वर्षं दिवसरात्र तिचं सगळं केलं त्यांनी. दयामरणाबद्दल तुमचं मत काहीही असो, जी माणसं पेशंटचं करतात त्यांचं म्हणणं कोर्टाने धरलं की नाही?

माझं मागणं फार नाही. राउंडला त्या बेडची सिस्टर सोबत हवी, नुसती इनचार्ज नाही. मीटिंग शिफ्ट बदलताना ठेवा आणि नाईटवाल्या येऊ शकत नाहीत तर त्यांचं आधी लिहून घ्या. मॅडमना बोलले, त्या म्हणाल्या लेखी दे. दिलंय, बघू कधी हलतंय.