बंगाई कार्डिनल: नराचं तोंड रिकामं झालं

माझ्या टाकीतल्या बंगाई कार्डिनल माशांपैकी नराने काल रात्री तोंडातली पिल्लं सोडली. इतके दिवस हनुवटी फुगवून कोपऱ्यात उभा होता, फ्रोझन मायसिस (गोठवलेले कोळंबीसारखे छोटे जीव) समोरून गेलं तरी ढुंकून पाहत नव्हता. आज लाइट लागल्याबरोबर खाण्यावर तुटून पडला.

हा मासा न पाळलेल्यांसाठी: अंडी मादी घालते, तोंडात सांभाळतो नर. साधारण 20 दिवसांनी अंडी फुटतात, तरी पिल्लं आणखी आठवडा-दहा दिवस बापाच्या तोंडातच असतात. बाहेर येतात ती काळ्या पट्ट्यांसकट, अगदी आईबापाची छोटी आवृत्ती. क्लाऊनफिशच्या पिल्लांसारखी रोटिफरची (अगदी सूक्ष्म जिवंत खाद्याची) कटकट नाही. पहिल्या दिवसापासून आर्टेमिया (अंड्यांतून घरीच फोडता येणारे कोळंबीसारखे बारीक जीव) खातात.

पण नुसता आर्टेमिया पुरत नाही. त्यात डीएचए (पिल्लांना लागणारं एक ओमेगा-3 फॅटी अॅसिड) जवळपास नसतंच. मग दार आपटलं किंवा लाइट एकदम लागला, की धडधाकट दिसणारी पिल्लं गरगरत तळाला जातात. आर्टेमियाला एनरिचमेंट (डीएचए असलेलं पोषक द्रव्य) खाऊ घालायचं, पण घाई करून उपयोग नाही: नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाचं तोंडच उघडलेलं नसतं. एकदा कात टाकली की मगच ते खायला लागतं. त्यामुळे आदल्या रात्रीची बॅच एनरिच करून सकाळी देतोय.

समुद्रात ही पिल्लं डायाडेमा सी अर्चिनच्या (लांब काट्यांच्या गोल समुद्री जीवाच्या) काट्यांत लपतात. मी पीव्हीसी पाइपच्या टोपणाला भोकं पाडून काळे केबल टाय उभे खोवले. सगळी पिल्लं त्यात घुसली, प्रवाहाकडे तोंड करून. खरा अर्चिन नसला तरी त्यांचं काही अडत नाही!

तरंगत दूर जाणारी अळी-अवस्थाच नसल्याने ही जात मूळची फक्त इंडोनेशियात, सुलावेसीच्या पूर्वेकडच्या बंगाई बेटांच्या परिसरात सापडते. एका बेटावरची संपली, तर दुसरीकडून वाहत येऊन भर पडण्याची आशा फारशी नाही. 1933 साली शास्त्रीय नाव मिळालं, 1990च्या दशकात आपल्या मासे पाळण्याच्या छंदाची नजर पडली, आणि 2007 मध्ये आययूसीएन या निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यातली जात म्हणून नोंद झाली. जंगली माशांमधून इरिडोव्हायरस (माशांना मारणारा एक विषाणू) येतो तो वेगळाच. घरात इतकी सहज वाढणारी जात समुद्रातून उपसून आणण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. दुकानात टँक-ब्रेड, म्हणजे टाकीतच जन्मलेलेच मासे मागा.

मादी आत्ताच पुन्हा नराला खेटून थरथरायला लागली आहे. तो पार खंगलाय, म्हणून दोघांच्या मध्ये एगक्रेट (प्लास्टिकची जाळी) उभी केली. त्याचं पोट भरलेलं दिसेपर्यंत ती काढणार नाही.