इंजिन जाम झालंय, पण नक्की कुठे?

दसरा झाला की अलिबागजवळच्या आमच्या नागाव-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एटीव्ही, म्हणजे पर्यटकांना वाळूत फिरवणाऱ्या चारचाकी बाइक, पुन्हा उतरतात. पावसाळाभर पडवीत ताडपत्रीखाली पडलेल्या गाड्या बाहेर निघतात आणि चौलला माझ्या गॅरेजसमोर टेम्पो लागायला लागतात. गेल्या ऑक्टोबरात आलेली एक 110 सीसीची गाडी अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

गाडी आमच्याच आळीतल्या एका पोराची. दोन गाड्यांवर त्याच्या घरचं वर्ष निघतं. मे अखेरीला कुणा पर्यटकाने ती पार सीटपर्यंत लाटेत घातली होती. याने वरून गोड्या पाण्याने धुतली आणि झाकून ठेवली. आता बटण दाबलं की नुसतं 'टक्'. "दादा, इंजिन सीझ झालंय. नवीनच घ्यावं लागेल ना?" चेहरा पार उतरला होता. गियर टाकून वाळूत धक्का मारून झाला होता, त्यात चाकं छान फिरली होती. पण या ऑटोमॅटिक गाड्यांचा क्लच सेंट्रिफ्युगल, म्हणजे फिरण्याच्या वेगाने पकडणारा असतो. इंजिन फिरल्याशिवाय तो पकडतच नाही, त्यामुळे चाकं फिरली काय आणि नाही काय, त्यावरून इंजिनाबद्दल काहीच कळत नाही.

जाम म्हटल्यावर मी लगेच हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उघडत नाही. बॅटरी आणि केबल बघितल्या, चांगल्या होत्या. मग सोळाच्या पान्याने स्पार्क प्लग काढला. सिलिंडरमध्ये पाणी किंवा पेट्रोल साचलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि पिस्टन जागीच अडतो. तसं असतं तर प्लग काढल्यावर इंजिन मोकळं झालं असतं. ते झालं नाही. स्टार्टर मोटरचे दोन बोल्ट काढून ती बाजूला केली, कारण तिचा गियर अडकला तरी लक्षण हेच दिसतं. तरीही जाम. मग डावीकडचं कव्हर काढून मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकावरच्या जड चाकाच्या नटाला पाना लावला. इथे एक सांगतो: नट घट्ट होतो त्याच दिशेने जोर द्यायचा, उलट फिरवलं तर नटच सुटून येतो. केसभरही हललं नाही. थोडं फिरून ठरावीक जागी अडलं असतं तर व्हॉल्व्ह किंवा काहीतरी तुटल्याचा संशय घेतला असता.

ऑइलचा बोल्ट सोडला तर आधी ग्लासभर पाणीच आलं, आणि मागून दुधाच्या चहासारखं ऑइल. ते बारकाईने पाहिलं. धातूचा कीस नाही. म्हणजे ऑइल संपून तापून पिस्टन धरलेला नव्हता, खाऱ्या पाण्याने पिस्टनभोवतीच्या रिंगा गंजून सिलिंडरच्या भिंतीला चिकटल्या होत्या. असं इंजिन पुष्कळदा वाचतं, फक्त जोर करायचा नाही.

या इंजिनांचं सिलिंडर आडवं असतं. प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं तर ते खालच्या भिंतीला साचून राहतं, वरची रिंग कोरडीच. म्हणून बॅटरी आणि पेट्रोल काढून गाडी मागच्या कॅरियरवर उभी केली, पुढची चाकं आढ्याकडे, आणि तुळईला दोर बांधला. आता प्लगचं भोक वर आलं. दोन झाकणं डिझेल ओतलं. दुसऱ्या दिवशी पातळी खाली गेली होती, म्हणजे रिंगांमधून वाट मिळाली होती. पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाना नखाएवढा हलला. पोरगा तिथेच बसून होता, त्याचा हात पान्याला लावून मी ते त्यालाही जाणवून दिलं. मग थोडं थोडं करत, अर्धा तास.

फिरलं म्हणून तसंच चालू करणं चुकीचं. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, काढला तर बोअरच्या (त्याच्या आतल्या पोकळीच्या) खालच्या बाजूला, जिथे पाणी साचलं होतं तिथे, अर्धचंद्रासारखा गंजाचा पट्टा होता. पॉलिश पेपर फिरवला तरी नख अडकत होतं. तो ब्लॉक गेला, पिस्टनही. पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड वर-खाली हलवून पाहिला, खेळ नव्हता, वाकलेलाही नव्हता. पण क्रँक फिरवताना बेअरिंगमध्ये वाळू चावल्यासारखी कुरकुर लागत होती. इंजिनाची क्रँककेस उघडून दोन्ही बेअरिंगं बदलली, नवीन ब्लॉक-पिस्टन बसवला. नवीन इंजिनाच्या मानाने पुष्कळच कमी पैशात काम झालं, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी झालं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा सायलेन्सरमध्ये उरलेल्या डिझेलचा पांढरा धूर अंगणभर पसरला, मग आवाज हळूहळू एकसारखा झाला. पोराला सांगितलं, पहिले काही दिवस डबलसीट नाही, पूर्ण थ्रॉटल नाही, आणि दोन तास चालली की ऑइल बदलायला परत ये. कानाकोपऱ्यात राहिलेलं पाणी पहिल्या ऑइलबरोबर निघतं. तो आला. ऑइल किंचित गढूळ होतं, त्यानंतरचं स्वच्छ निघालं.