‘विनाकारण’ नावाचा रकाना

मागच्या महिन्यात एका बालगृहात स्टाफचं ट्रेनिंग घेतलं. विषय पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट. म्हणजे पोरगं दंगा का करतंय ते आधी शोधायचं, त्याच्या आजूबाजूचं जे बदलता येईल ते बदलायचं आणि दंग्याऐवजी दुसरं काहीतरी शिकवायचं. नाव ऐकून निम्म्यांना वाटलं मुलांशी गोड बोलायचा कोर्स आहे. पहिल्या दिवशी मीही माती खाल्ली, चाळीस स्लाइड्स नेल्या, जेवणानंतर मागची अख्खी रांग पेंगायला लागली, आणि नाईट करून तशाच बसलेल्या मावशींना मी काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काढलाच नाही. म्हटलं, सगळ्यात जास्त छळतं कोण? सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. तेरा वर्षांचा मुलगा, रोज संध्याकाळी मारामारी. मग आठवडाभरासाठी एबीसी तक्ता दिला, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर आपण काय केलं. नऊ तक्ते हातात आले आणि ‘आधी काय घडलं’खाली सात ठिकाणी एकच शब्द, विनाकारण. एकात तर नुसतं ‘स्वभाव’.

वेळेचा रकाना मात्र प्रामाणिक होता, सगळ्या घटना साडेसात ते आठच्या मधल्या. म्हणून एका संध्याकाळी मीच जाऊन बसले. अभ्यासाच्या तासाला मुलं एकेक करून उभी राहून धडा वाचतात. याच्या नंबरला दोन-तीनच पोरं उरली की याची चुळबुळ, मग शेजारच्याला कोपर, मग शिवी, मग सरांचं “चल, बाहेर उभा राहा”. आणि व्हरांड्यात गेला की पोरगं एकदम गार! जोडाक्षरं आली की तो अडकायचा आणि बाकीची हसायची, एवढंच होतं सगळं. आपण ज्याला शिक्षा म्हणत होतो ती त्याची सुटका होती आणि ती कशी मिळवायची हे रोज आपणच त्याला शिकवत होतो.

यात माझी हुशारी काही नाही हं, एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्येच हे दाखवलंय. काम अवघड गेलं की दंगा करणाऱ्या मुलांना मदत मागायची साधी वाक्यं शिकवली आणि दंगा कमी झाला. आम्ही एक पिवळं कार्ड केलं. ते दाखवलं की नंबर पुढे जाणार, आणि वाचन नंतर सरांजवळ बसून, कोणी ऐकत नसताना.

“म्हणजे लाडच की मॅडम. आमच्या वेळी दोन ठेवून दिल्या की सरळ व्हायचो.” हे येणारच होतं. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ८२ सांगितलं, संस्थेत मुलावर हात उगारला तर पहिल्यांदा दहा हजार दंड. खोली चिडीचूप. पण खरं सांगू का, कायद्याच्या भीतीने हात थांबतात, तोंड थांबत नाही, आणि बारा तास उभं राहिलेल्या माणसाला नुसतं ‘शांत राहा’ सांगणं हा पण एक विनोदच आहे. म्हणून साडेसातला स्वयंपाकघरातून एक जण अभ्यासिकेत द्या एवढं अधीक्षकांकडून कबूल करून घेतलं, ट्रेनिंगचा सगळ्यात उपयोगी भाग बहुतेक तोच.

दंगा न करणाऱ्यांबद्दल मात्र शेवटी घाईत बोलले, ते चुकलंच. जो अचानक गप्प होतो, जेवण सोडतो, मरणाच्या गोष्टी करतो त्याचा तक्ता भरत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फळ्यावर लिहून आले, तो चोवीस तास चालतो.

परवा मावशींचा फोन आला. मारामारी दोनदाच झाली म्हणे, पण तो आता दोडक्याची भाजी वाढली तरी पिवळं कार्ड दाखवतो, हे चालतं का?