रिमोट स्टार्टर आणि बाहेरून बसवलेला स्टिरिओ: वायरिंगचा माझा अनुभव

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत माझ्या गाडीला छप्पर नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी स्टिअरिंगला हात लावणे कठीण होते. गाडीत बसण्यापूर्वी एसी चालू करता यावा, एवढ्याच हेतूने मी रिमोट स्टार्टर, म्हणजे बटण दाबून दुरूनच इंजिन चालू करणारी यंत्रणा, बसवून घेतला. माझी गाडी ऑटोमॅटिक गिअरची आणि चावीने चालू होणारी आहे. मॅन्युअल गिअरच्या गाडीत ही सोय बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गिअरमध्ये ठेवलेली गाडी रिमोटने सेल्फ मारताच पुढे उडी घेते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार चालकाच्या आसनावर परवानाधारक नसताना सार्वजनिक जागी इंजिन चालू ठेवता येत नाही, म्हणून हा रिमोट मी सोसायटीच्या आवारातच वापरते.

स्टार्टर बसला, इंजिन चालू झाले, एसीही लागला. बिघडला तो स्टिरिओ. हा स्टिरिओ मी त्याआधी एका ॲक्सेसरीच्या दुकानातून बसवून घेतला होता. रिमोटने इंजिन चालू करताच रिकाम्या गाडीत आदल्या दिवशीच्या आवाजात गाणी सुरू होत आणि सकाळच्या वेळी सोसायटीतील ज्येष्ठ मंडळी खिडकीत येऊन उभी राहत. नेहमीप्रमाणे चावीने सेल्फ मारला, तरी स्क्रीन काळी पडून स्टिरिओ पहिल्यापासून सुरू होई. ही दुसरी तक्रार स्टार्टरच्या आधीपासूनची होती. दुकानदाराने "या मॉडेलमध्ये तसंच असतं" असे सांगून ती उडवून लावली होती.

सातपूरकडे काम करणाऱ्या एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडी पाहिली आणि स्टिरिओ बाहेर काढण्याआधी स्टिअरिंगखालचे कव्हर उघडले. "ताई, वायरच्या रंगावर जायचं नाही, मीटर काय सांगतो ते बघायचं," एवढेच ते म्हणाले. स्टिरिओकडच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात: पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा पुरवठा, लाल म्हणजे चावीवर चालणारा पुरवठा आणि काळी म्हणजे अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह बाजू. गाडीकडच्या बाजूला मात्र प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. पिवळ्या वेष्टणातील वायरी आणि कपलर (वायरी जोडणारे प्लग) यांना त्यांनी हातही लावला नाही, कारण त्या एअरबॅगच्या असतात. बल्बच्या टेस्टरमधून जाणाऱ्या करंटने एअरबॅग उडू शकते, म्हणून ते डॅशबोर्डमध्ये डिजिटल मीटरच वापरतात.

मीटरची काळी पिन त्यांनी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवली, लाल पिन चावीच्या स्विचच्या कपलरमध्ये मागून घातली आणि मला चावी एकेक खटका फिरवायला सांगितली. एका वायरीवर चावी बंद असतानाही बारा व्होल्टच्या वर आकडा होता, ती बॅटरीची. दुसरीवर पहिल्या खटक्याला पुरवठा आला, दुसऱ्या खटक्यालाही राहिला, पण सेल्फ मारताना आकडा थेट शून्यावर गेला, ही ॲक्सेसरीची, म्हणजे स्टिरिओ, सॉकेट अशा जोडउपकरणांची. तिसरीवर पहिल्या खटक्याला काहीच नव्हते, दुसऱ्या खटक्याला पुरवठा आला आणि सेल्फ मारतानाही तो टिकला, फक्त आकडा दहाच्या खाली घसरून पुन्हा वर आला, ही इग्निशनची, म्हणजे इंजिन चालण्यासाठी लागणारी. हीच तपासणी स्टिरिओच्या लाल वायरीवर केल्यावर आकडे हुबेहूब तिसऱ्या वायरीसारखे उमटले. म्हणजे दुकानदाराच्या माणसाने स्टिरिओला ॲक्सेसरीऐवजी इग्निशनचा पुरवठा दिला होता. सेल्फ मारताना व्होल्टेज घसरते, ते स्टिरिओला पेलत नाही आणि तो नव्याने सुरू होतो. ॲक्सेसरीच्या लाइनवर तो त्या काळात रीतसर बंदच राहतो.

लाल वायर ॲक्सेसरीवर घेतल्यावर एक तक्रार मिटली. रिमोटच्या वेळची गाणी थांबवायला सोपा उपाय होता: स्टार्टरच्या मॉड्यूलमधून (त्याच्या नियंत्रक डबीतून) ॲक्सेसरीकडे जाणारी वायर जोडायचीच नाही. तसे करून पाहिले, तेव्हा स्टिरिओ शांत राहिला, पण एसीचा ब्लोअरही शांत राहिला, कारण माझ्या गाडीत ब्लोअरच्या रिलेला ॲक्सेसरीचाच पुरवठा आहे. ज्या गाड्यांत ब्लोअर इग्निशनच्या लाइनवर असतो, त्यांच्या मालकांनी येथेच थांबावे. पुढचा खटाटोप त्यांना लागणार नाही.

माझ्या बाबतीत रिले, म्हणजे आतल्या कॉइलला वीज मिळाली की ओढला जाऊन जोडणी बदलणारा स्विच, घालावा लागला. पाच पायांच्या साध्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए असे आकडे छापलेले असतात आणि ते डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आलेले आहेत. नाशिकमध्ये मात्र असा रिले सर्रास 'बॉश रिले' म्हणूनच मागितला जातो, आणि ज्या शहरात बॉशचा कारखाना असूनही चौकाचे नाव अजून कंपनीच्या जुन्या नावावरून मायको सर्कलच आहे, तेथे ते मला गंमतशीर वाटते. रिलेच्या ३० वर ॲक्सेसरीचा पुरवठा आणि ८७ए वर स्टिरिओची लाल वायर जोडली. कॉइल बंद असताना ३० आणि ८७ए एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे उद्या मॉड्यूल निकामी झाले तरी स्टिरिओ चावीवर चालतच राहील. ८७ मोकळा ठेवून त्यावर टेप गुंडाळली.

मॉड्यूलमध्ये एक बारीक वायर असते, जी रिमोटने इंजिन चालू असेपर्यंत अर्थ देते. ती ८५ ला जोडली. ८६ ला पुरवठा कोठून द्यावा, यावर मात्र थोडी चर्चा झाली. मी ॲक्सेसरी सुचवली होती. त्यावर त्यांचे म्हणणे असे की सेल्फ सुटून ॲक्सेसरी परत येते त्या क्षणी रिले ओढला जाईपर्यंत स्टिरिओला एक झटका बसेल. बॅटरीच्या लाइनवरून फ्यूज घालून पुरवठा घेतला, तर रिले आधीच ओढलेला असतो. एरवी ८५ ला अर्थ मिळत नसल्याने बॅटरीही उतरत नाही. कॉइलच्या दोन टोकांमध्ये त्यांनी १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावला आणि त्याची पांढरी पट्टी ८६ च्या बाजूला ठेवली. कॉइल सुटताना उलटा व्होल्टेज येतो आणि त्याने मॉड्यूलचा ट्रान्झिस्टर जळू शकतो, तो या डायोडमुळे वाचतो. हे सारे जोडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली होती, आणि जोड नुसते पिळून टेप न लावता सोल्डर करून त्यांवर हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवले.

चाचणी घेताना स्टिरिओ सर्वांत शेवटी आला. आधी गाडी डी मध्ये ठेवून आणि ब्रेक दाबून धरून रिमोट दाबला; सेल्फ लागला नाही. मग रिमोटने इंजिन चालू असताना बॉनेट उघडले, तेव्हा इंजिन बंद पडले. त्यानंतर रिमोटने इंजिन चालू केले: ब्लोअर फिरू लागला, स्क्रीन काळीच राहिली. आत बसून चावी दुसऱ्या खटक्यापर्यंत फिरवली आणि ब्रेक दाबला, तेव्हा मॉड्यूलने ताबा सोडला, रिलेचा बारीक टक् असा आवाज आला आणि स्टिरिओ एकदाच, सरळ सुरू झाला.

डॅशकॅम ज्या सॉकेटवर चालतो, तो ॲक्सेसरीवरच असल्याने रिमोटने इंजिन चालू असताना कॅमेराही चालू होतो. त्यासाठी दुसरा रिले घालू का, असे त्यांनी विचारले होते. आत कोणी नसताना चालू असलेल्या गाडीचे चित्रण होत राहिलेले बरे, म्हणून ती वायर मी आहे तशीच ठेवली.