सादळलेलं मीठ

‘फ्लोरिन म्हणजे ते टूथपेस्टमधलंच ना हो? त्यात एकतीस वर्षं संशोधन करण्यासारखं असतं तरी काय?’

हा प्रश्न मला ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात विचारून झालाय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय. मध्यंतरी दातांच्या डॉक्टरांनीही विचारला. मी खुर्चीत आ वासून बसलेले, तोंडात कापूस. तिथे काय बोलणार! तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

टूथपेस्टमध्ये असतं ते फ्लोराइड. तोंडात ते सुटं होतं आणि दातांवरच्या एनॅमलमध्ये जाऊन बसतं. पिण्याच्या पाण्यात तेच जास्त झालं की दात नि हाडं बिघडवतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांनी ते सोसलंय. माझा संबंध आला तो कार्बनला जोडलेल्या फ्लोरिनशी. ते सहजासहजी सुटत नाही. कार्बनच्या एकेरी बंधांमध्ये इतका मजबूत बंध दुसरा नाही म्हटलं तरी चालेल.

गंमत अशी की जमिनीच्या कवचात फ्लोरिन क्लोरिनपेक्षा जास्त आहे, पण सजीवांनी त्याला जवळपास दारात उभं केलेलं नाही. फ्लोरिन असलेली नैसर्गिक कार्बनी संयुगं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपात सापडतं आणि ते खाल्लं की गुरं मरतात. कारण काय, तर पाणी. बरंचसं फ्लोरिन खनिजात अडकून पडलेलं, पाण्यात न विरघळणारं. जे थोडं विरघळतं, त्याला पाण्याचे रेणू चहूबाजूंनी असे घट्ट धरून ठेवतात की त्याला कार्बनकडे जायला मोकळीकच मिळत नाही. हे पाणी लक्षात ठेवा. माझी सगळी नोकरी त्याच्याशी भांडण्यात गेली.

यूडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागातून, पीएचडी करून मी १९८८ साली रबाळ्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. ठाणे-वाशी लोकल तेव्हा नव्हती. स्टेशनजवळून कंपनीची बस, मग कळवा, विटावा, दिघा, ऐरोली. विटाव्याला रेल्वेच्या पुलाखाली पाणी तुंबलं की शिफ्ट चुकली.

त्या काळात पोट बिघडलं की घरोघरी नॉरफ्लॉक्सॅसिनची गोळी घेतली जायची. तुम्हीही घेतली असेल. त्या कुळातलं आधीचं औषध होतं नॅलिडिक्सिक आम्ल. त्याच्यासारख्याच सांगाड्यावर योग्य जागी फ्लोरिनचा एक अणू बसवला आणि जंतूंवरचा मारा कित्येक पटींनी वाढला. तो एक अणू ज्या कच्च्या मालातून येतो, तो बनवणं हे आमचं काम. बेंझिनच्या कड्यावर दोन क्लोरिन आणि एक नायट्रो असलेला पदार्थ घ्यायचा, त्यात पोटॅशियम फ्लोराइड टाकायचं आणि सल्फोलेन नावाच्या द्रावकात दोनशे अंशांच्या आसपास तापवत ठेवायचं. नायट्रोच्या बरोबर समोरचा क्लोरिन निघतो, फ्लोरिन बसतो. कागदावर एक बाण, झालं.

मे महिन्यात आमच्या बॅचेस छान उतरल्या. जुलैत बिघडल्या. माल तोच, माणसं तीच, तापमान तेच. मेमध्ये बारा तासांत संपणारी अभिक्रिया वीस तास झाले तरी अर्धवट. जीसीवर, म्हणजे मिश्रणात काय किती आहे ते आलेखावर दाखवणाऱ्या यंत्रावर, न बदललेल्या मालाचं शिखर ताठ उभं, खाली गाळायला घ्यावं तर डांबरासारखा काळा लगदा. मी उत्प्रेरक बदलला, ढवळणीचा वेग बदलला, माल पुरवणाऱ्याशी फोनवर भांडले. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, ‘मॅडम, तुमची केमिस्ट्री पावसाळ्यात सुट्टीवर जाते का?’ लोक हसले. मीही हसले आणि बसमध्ये बसल्यावर रडले.

उत्तर सापडलं ते रात्रपाळीच्या ऑपरेटरकडून. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, माणूस मूळचा रत्नागिरीकडचा. फ्लोराइडचं पोतं उघडताना त्यांनी हातमोज्यातल्या बोटांनी चिमूट चोळून पाहिली आणि म्हणाले, ‘हे सादळलंय, मॅडम. आमच्याकडं जून लागला की पापडाचे डबे चुलीवरच्या फळीवर जातात. तुम्ही हे गोदामात उघड्यावर ठेवता.’

केएफ, म्हणजे आमचं ते पोटॅशियम फ्लोराइडचं मीठ, हवेतलं पाणी ओढतं हे मला ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ठाऊक असणं आणि रबाळ्याचा जुलै अनुभवणं यांत अंतर आहे. दुसऱ्या दिवशी मी काचेच्या फ्लास्कमध्ये केएफ, सल्फोलेन आणि टोल्युइन घालून उकळायला ठेवलं. टोल्युइनच्या वाफेबरोबर पाणी वर येतं, थंड झालं की बाजूच्या नळीत उतरतं. एकेक थेंब स्वच्छ टोल्युइनमधून डुलत खाली जायचा आणि तळाशी दुसऱ्याला मिळायचा. मी स्टूल ओढून तासभर बघत बसले होते. साठ ग्रॅम मिठातून चार मिलिलिटर पाणी निघालं! रिअॅक्टरमध्ये किती गेलं असेल, त्याचा हिशोब मी मामांना वहीत करून दाखवला. ते एवढंच म्हणाले, ‘मग भाकरी कशी फुगणार?’

त्यानंतर आधी पाणी काढायचं आणि मगच पुढचा माल चार्ज करायचा, असा नियम झाला. पोती बंद खोलीत, बल्ब लावून. पुढे फवाऱ्याने वाळवलेलं बारीक केएफ मिळू लागलं. ते या द्रावकात जवळपास विरघळतच नाही, काम कणांच्या पृष्ठभागावरच चालतं. म्हणून जितकं बारीक आणि कोरडं तितकं बरं. अहवालात सुधारणेचं श्रेय साहेबांच्या नावावर गेलं, मामांचं नाव कुठेच नव्हतं. माझं तिसरं होतं.

खूप नंतर आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनज्ञाची हकिगत वाचताना मला हसू फुटलं. फ्लोरिन वेगळं करण्याच्या नादात कित्येक रसायनज्ञ जायबंदी झाले, काही जिवानिशी गेले. पाणी असलेल्या हायड्रोफ्लोरिक आम्लात वीज सोडली की हाती यायचा ऑक्सिजन. म्वासाँने पूर्ण कोरडं हायड्रोजन फ्लोराइड घेतलं. पण ते वीज वाहत नाही, म्हणून त्यात विरघळवलं पोटॅशियमचं फ्लोराइड. २६ जून १८८६ ला वायू मिळाला. मग फ्रेंच विज्ञान अकादमीची समिती बघायला आली आणि प्रयोग फसला, कारण त्या दिवशी त्याने आम्ल इतकं शुद्ध केलं होतं की त्यात पोटॅशियमचं मीठ उरलंच नव्हतं. मोठी माणसं बघायला आली की बॅच हटकून बिघडते, हे पॅरिसलाही लागू होतं तर. १९०६ साली त्याला नोबेल मिळालं.

‘भीती नाही वाटली?’ हा जोडप्रश्न. हायड्रोजन फ्लोराइडची वाटायची. ते साडेएकोणीस अंशांना उकळतं, म्हणजे ठाण्यात थंडीतल्या काही पहाटा सोडल्या तर मोकळ्या हवेत वायूच. काच खातं: आमच्या हूडची, म्हणजे विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटाची, काच पहिल्या वर्षातच दुधाळ झाली, पलीकडचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा. पण खरा धोका पातळ द्रावणाचा. एका सहकाऱ्याच्या हातमोज्याला टाचणीएवढं भोक होतं. दुपारी काही जाणवलं नाही. रात्री घरी बोट ठणकू लागलं तेव्हा त्याला वाटलं, दारात सापडलं असेल. फ्लोराइड आत शिरून कॅल्शियम पकडतं; जास्त प्रमाणात गेलं तर हृदय बंद पडू शकतं. त्याचं बोट वाचलं. तेव्हापासून कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलची ट्यूब माझ्या पर्समध्ये असायची, कुंकवाच्या डबीशेजारी. निवृत्त होऊन काही महिने झाले तरी मी ती काढली नव्हती.

अलीकडे भाची विचारते तो प्रश्न जास्त टोचतो. ‘मावशी, ती न संपणारी रसायनं तुमच्याच शाखेची ना?’ आमच्याच. ज्या बंधाचं मी वर कौतुक केलं, त्याच बंधामुळे फ्लोरिनने भरलेल्या त्या साखळ्या पाण्यातून, रक्तातून निघून जात नाहीत. ती आमच्या कंपनीने बनवली नाहीत, असं मी तिला एकदा सांगून पाहिलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. औषधातल्या एका अणूची आणि तव्यांसाठी, कपड्यांसाठी वापरलेल्या त्या साखळ्यांची गोष्ट एक नाही, हे मला आजही पटतं. पण आम्ही ‘टिकाऊ’ हा शब्द पंचवीस वर्षं फक्त कौतुकानेच वापरला, हेही खरं.

आमच्या सांडपाण्याचं मात्र मला समाधान आहे. त्यातल्या फ्लोराइडवर चुना टाकायचा, पांढरा गाळ खाली बसायचा. तो गाळ म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. फ्लोरस्पार हे खनिजही तेच, आणि आमचं सगळं फ्लोरिन मुळात त्याच खनिजातून आलेलं. प्रेसमधून निघालेली त्याची वडी हातमोज्यातून हातात घेतली की खडूसारखी लागायची.

तर हे असं. दातांच्या डॉक्टरांना पुढच्या खेपेला मी यातलं थोडं सांगितलं. त्यांनी आरसा पुसला आणि विचारलं, ‘ते सगळं ठीक आहे, पण तुम्ही फ्लोराइडची पेस्ट वापरता की नाही?’

वापरते.