भेंडीचं पाणी

आपल्या शाळेच्या महोत्सवाच्या निमित्तानं हे लिहितेय. आठवीत असताना मी हीच शाळा बुडवून गुऱ्हाळावर जायचे. आपल्या गडहिंग्लज भागात दिवाळी झाली की गुऱ्हाळं पेटतात. उकळत्या रसाचा वास खिडकीतून वर्गात शिरला, की माझं लक्ष फळ्यावर राहायचं नाही. मधल्या सुट्टीत कुंपणाखालून दप्तर सरकवायचं आणि उसाच्या सरीतून पळत सुटायचं.

एकदा विज्ञानाच्या सरांनी मला तिथंच पकडलं. दुसऱ्या दिवशी तासभर वर्गाबाहेर उभी होते. तास संपत आला तसं सरांनी आत बोलावलं, हातात खडू दिला आणि म्हणाले, "काय बघितलंस, ते सगळ्यांना सांग."

मी सांगत गेले. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस ओततात, चुलवाणात चिपाडांचा जाळ घालतात. रानभेंडीची खोडं ठेचून त्यांचं चिकट पाणी रसात सोडतात, मग काळपट मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकतात. शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थोडा पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि हाक देतो. त्या हाकेला काहील उतरलीच पाहिजे, नाहीतर गूळ बिघडतो. वर्ग गप्प ऐकत होता. सरांनी विचारलं, "पण भेंडीच कशाला?" मला सांगता येईना. "मग शोधून काढ. सवडीनं काढ, पण काढ."

घरी मात्र मला चुलीपुढं बसायचं नव्हतं. आमच्याकडं रविवारी मटण असायचं. आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, आणि मसाला वाटणाऱ्या आईला पातेल्याच्या बुडाचा रस्सा. तेराव्या वर्षी मी सांगून टाकलं, "आईचं ताट आधी वाढणार असाल तर भाकरी थापीन, नाहीतर नाही." मार खाल्ला, दोन दिवस उपाशी राहिले, पण परातीला हात लावला नाही. गल्लीत 'आगाऊ पोरगी' हे नाव पडलं ते कायमचं. अशा पोरीनं बारावीनंतर, १९९५ साली, दादरच्या केटरिंग कॉलेजात जायचं म्हटल्यावर आप्पा म्हणाले, "सैपाकच करायचा हुता, तर मुंबई कशाला पायजे? हितं चूल न्हाई व्हय?"

मला जे म्हणायचं होतं ते त्या दिवशी नीट मांडता आलं नाही. घरची चूल माझ्यावर लादली जात होती. तिथं पगार नव्हता, शिक्षण नव्हतं, नकार देण्याची सोय तर नव्हतीच. मला तेच काम हवं होतं, पण हुन्नर म्हणून, स्वतःच्या नावावर. प्रवेशपरीक्षेचा अर्ज आपल्या शाळेच्या कार्यालयात बसून भरला. मुख्याध्यापक बाईंनी दाखल्यांवर सही-शिक्का मारून दिला आणि घरी काय सांगितलंय, हे एका शब्दानं विचारलं नाही. आईनं दुधाची तीन बिलं माझ्या हातात ठेवली. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी यायचं, म्हणजे ती तिची महिन्याची सगळी कमाई होती.

ते कॉलेज १९५४ साली बायकांच्याच पुढाकारानं सुरू झालं, लीलावती मुनशी यांच्या अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेनं ते काढलं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मी लगेच घरी पत्र लिहून कळवलं. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या वर्षी आम्हाला कॉन्सोमे शिकवलं. हे काचेसारखं नितळ सूप. गार स्टॉकमध्ये, म्हणजे हाडं-भाज्या उकळून काढलेल्या पाण्यात, खिमा, चिरलेल्या भाज्या आणि अंड्याचा पांढरा बलक कालवायचा आणि मंद आचेवर हलवत राहायचं. तापत आलं की हात थांबवायचा. मग बलक शिजून घट्ट होतो, गढूळपणा स्वतःत धरून ठेवतो आणि सगळ्याचा करडा थर होऊन वर तरंगतो. त्याला बाजूला भोक पाडून पळीनं खालचं सूप काढलं, तर पळीचा तळ स्वच्छ दिसत होता. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "ही तर मळी!" भेंडीचा चिकटाही रसात हेच करतो, तरंगणारी घाण बांधून वर आणतो. त्याच संध्याकाळी सरांना पोस्टकार्ड टाकलं. आठ दिवसांत उलट टपाली उत्तर: "बरोबर. आता येऊन फळ्यावर सांग."

तिथून पुढं अशा ओळखी पटत गेल्या. पांढरा स्टॉक म्हणजे आमचं अळणीच, मटण शिजवलेलं पाणी, फक्त मीठ-हळद नसलेलं. इटालियन मेरिंगला, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या गोड फेसाला, पाक ११८ अंशांच्या पुढं न्यायचा असतो. थर्मामीटर दुसऱ्या टेबलावर होता, म्हणून मी गार पाण्यात गोळी वळून बघितली. कुठं शिकलीस, असं विचारल्यावर गुऱ्हाळाचं नाव सांगितलं.

१९९८ मध्ये नोकरी लागली. त्या हॉटेलात मला दोन वर्षं सॅलड आणि सँडविच याच विभागात ठेवलं. स्टॉकचं भरलं पातेलं बाईला उचलणार नाही, असं तिथल्या मोठ्या शेफचं म्हणणं. ते पातेलं पुरुषही दोघं मिळूनच उचलायचे. हे मी तोंडावर बोलले आणि त्या वर्षीची बढती गेली. पुढं दुसऱ्या हॉटेलात आचेवर उभी राहिले, आणि आज पुण्यात माझं ३२ खुर्च्यांचं हॉटेल आहे. तिथं गोडाला काळपट गूळच वापरते. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ मागतं, म्हणून रसात रंग उजळवणारी हायड्रॉस पावडर पडते. माझी कळकळीची विनंती आहे, गुळाचा रंग बघू नका, चव बघा.

आप्पा शेवटपर्यंत माझ्या हॉटेलात जेवले नाहीत. एकदा आले, चहा घेतला, भिंतीवरचा आईचा फोटो बराच वेळ बघत बसले आणि रात्रीच्या एस.टी.नं परत गेले. ते मनाला लागलंय, अजून आहे.

महोत्सवाच्या दिवशीचं जेवण शाळेनं माझ्याकडं सोपवलंय. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी आणि शाकाहारी मंडळींसाठी अख्खा मसूर. पहिल्या पंगतीला शाळेत रोज खिचडी शिजवणाऱ्या मावश्या आणि माझी आई बसणार आहे. वाढायला मी आहे, आणि माझे दोन्ही भाऊ.